हिंदुरावांची वीतभर मॉरिस

चांगलं अक्षर असलेल्या माणसानं सरकारी नोकरीत ते लपवून ठेवावं, ही अक्कल हिंदुराव मेटकरींना कारकुनीची सोळा वर्षं झाल्यावर आली. तोवर उशीर झाला होता. कचेरीतल्या कपाटांवरचे आकडे त्यांच्या हातचे, 'येथे थुंकू नये' ही पाटी त्यांच्या हातची, शिपायाच्या मुलीच्या रुखवतातल्या सुपावरची वेलबुट्टीसुद्धा त्यांचीच. त्यामुळे त्या सोमवारी घाटगे साहेबांनी बोलावलं, तेव्हा एखादी पाटीबिटी असेल अशा समजुतीनं ते खिशाला पेन लावून आत गेले.

साहेबांच्या टेबलावर फायलींच्या मधोमध एक वीतभर लांबीची लालभडक मोटार उभी होती.

"मेटकरी, ही मॉरिस मायनर," साहेब म्हणाले. "मेव्हण्यानं मुंबईहून आणली. दारं उघडतात, चाकं वळतात. फक्त रंग चुकलाय."

मग साहेबांनी खुर्ची पुढं ओढली आणि एरवी कधी बोलत नसत अशा आवाजात सांगितलं. त्यांच्या वडिलांना, म्हणजे आण्णांना, येत्या रविवारी एक्क्याऐंशी पुरी होत होती. बंगल्यावर सहस्रचंद्रदर्शनाचा कार्यक्रम होता. आण्णांची मॉरिस घरच्यांनी दोन वर्षांपूर्वी विकून टाकली, आणि तेव्हापासून आण्णा रोज सकाळी 'गाडी काढा' म्हणत. अलीकडं तर त्यांना माणसंही ओळखू येईनाशी झाली होती. चार महिन्यांत त्यांनी पोटच्या मुलाला नावानं हाक मारलेली नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, ओळखीची वस्तू हातात द्या, कदाचित काही आठवेल.

"तुम्ही ही आण्णांच्या गाडीसारखी करून द्या. हुबेहूब," साहेब म्हणाले. "त्यांनी ओळखली पाहिजे."

आता एक गोष्ट साहेब बोलले नाहीत, आणि ती न बोलल्यामुळंच हिंदुरावांना जास्त ऐकू आली. हेडक्लार्कची जागा रिकामी होती. तीन नावं वर जायची होती, त्यांत एक हिंदुरावांचं होतं, आणि साहेबांचा गोपनीय शेरा पुढच्या सोमवारी निघायचा होता. रविवारी आण्णांनी गाडी ओळखली नाही, तर सोमवारी साहेब आपल्याला ओळखतील की नाही, याची हिंदुरावांना शंका होती.

"रंग कोणता होता, साहेब?" त्यांनी विचारलं.

"निळा," साहेब म्हणाले.

संध्याकाळी बंगल्यावर बाईसाहेबांनी सांगितलं, "हिरवा. यांना गाडी चालवायला दिलीच नव्हती आण्णांनी, यांना काय कळतंय?"

इथून हिंदुरावांच्या झोपेची वाट लागली. पण सरकारी नोकराचा कागदावर विश्वास असतो. मंगळवारी ते मोटारींच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीत गेले. खिडकीतल्या कारकुनानं अर्ज मागितला. अर्जात 'माहिती कशासाठी हवी' असा रकाना होता. हिंदुरावांनी प्रामाणिकपणे 'खेळण्यातील मोटार रंगविणेसाठी' असं सुंदर अक्षरात लिहिलं.

"खेळण्याला परवानगी लागत न्हाई हो," कारकून म्हणाला.

"परवानगी नको. खऱ्या गाडीचा रंग तेवढा सांगा."

"खऱ्या गाडीचे मालक तुम्ही?"

"नाही."

"मग खेळण्याचे मालक?"

"तेही नाही."

कारकुनानं अर्जाकडं आणि हिंदुरावांकडं आळीपाळीनं पाहिलं. एक कारकून दुसऱ्या कारकुनाला जितकं छळू शकतो तितकं छळून झाल्यावर, शेवटी कारकुनाच्याच जातीचा माणूस म्हणून त्यानं रजिस्टर काढलं. रंगाच्या रकान्यात लिहिलं होतं: 'मूळ'.

म्हणजे कंपनीनं दिला तो. तेवढ्यासाठी हिंदुरावांचा अर्धा दिवस गेला होता.

रजिस्टराप्रमाणे मॉरिस विकली होती अक्कलकोटच्या ईरप्पा नावाच्या नारळवाल्याला. आता प्रत्यक्ष गाडी बघण्यावाचून इलाज नव्हता. हिंदुरावांनी बुधवारची किरकोळ रजा मागितली आणि कारण लिहिलं, 'खाजगी काम'. अर्ज साहेबांकडून परत आला; त्यावर लाल शाईत 'कामाचे स्वरूप स्पष्ट करावे' असा शेरा होता. साहेबांचंच काम साहेबांना कसं स्पष्ट करावं, या विवंचनेत हिंदुरावांनी तीन मसुदे फाडले आणि शेवटी 'वडीलधाऱ्या व्यक्तीच्या वाहनाची पाहणी' असं लिहून रजा मंजूर करून घेतली. साहेबांचं चुकत नव्हतं. बंगला वेगळा आणि फाईल वेगळी.

अक्कलकोटात मठाच्या अलीकडं, चिंचेच्या झाडाखाली मॉरिस सापडली. मागची सीट काढून तिच्यात नारळांची पोती भरली होती. टपावर हारांची टोपली. डाव्या मडगार्डला हा एवढा पोचा, दरवाजाच्या कडेला गंज, आणि खालून वरपर्यंत काळ्या मातीचा चिखल वाळून पापुद्रे सुटलेले. रंग म्हणून जो काही होता तो उन्हानं राखेसारखा झाला होता.

"धुत नाही का हो कधी?" हिंदुरावांनी विचारलं.

"याके?" ईरप्पा म्हणाला. "का म्हनून धुवायची? परत घान व्हती की. होगली बिडरी."

जाऊ द्या, सोडा, असा त्याचा भाव होता. हिंदुरावांनी मात्र काही सोडलं नाही. त्यांनी वही काढली आणि गाडीभोवती उकिडवे बसत बसत एक प्रदक्षिणा घातली. पोचा किती बोटं लांब, गंज कुठून कुठवर, चिखलाची रेघ चाकापासून किती उंच, सगळं टिपलं. मग सीट होती तिथं पोतं सरकवून पाहिलं, तर खाली ऊन न लागलेली एक चौकोनी जागा होती आणि तिथला रंग तसाच्या तसा होता. निळा म्हणावा तर हिरवा, हिरवा म्हणावा तर निळा. साहेब आणि बाईसाहेब दोघंही बरोबर होते, हे बघून हिंदुरावांना एवढा आनंद झाला की त्यांनी ईरप्पाकडून नको असताना चार नारळ घेतले.

गुरुवारी सकाळी हिंदुरावांनी घरीच रंगकाम काढलं. घर म्हणजे भवानी पेठेतल्या दोन खोल्या. आणि खाली नरसय्याचे माग. नरसय्या मोठा भला माणूस. मॉरिसची बातमी लागताच तो वर आला, गाडी हातात घेऊन चारी चाकं फिरवून बघितली आणि म्हणाला, "रंगाचं काम हाय तर गूळ खावा. छातीत बसत न्हाई रंग. आमी मागावर खातो की."

"मागावर रंग कुठं असतो?"

"सुताचं तूस उडतंय की. छाती एकच हाय ना."

हे बिनतोड होतं. हिंदुरावांनी पाव शेर गूळ जवळ ठेवला, नाकाला ओला पंचा बांधला, लाल रंग पॉलिश पेपरनं घासून काढला आणि डबा उघडण्याआधी बायकोला बजावलं, "स्टो पेटवायचा नाही. थिनर आहे. एक ठिणगी पडली तर मॉरिस जाईल आणि आपणही जाऊ."

"मग चहा?" मथुराबाईंनी विचारलं.

"चहा रंगानंतर."

"आन भाकरी?"

"भाकरी चहानंतर."

मथुराबाईंनी पदर खोचला. नवऱ्याला हेडक्लार्क व्हायचं आहे हे त्यांना मान्य होतं, पण त्यासाठी उपाशी राहावं लागेल असं कुणी सांगितलं नव्हतं.

खरा घोटाळा खिडकीचा झाला. खिडकी उघडी ठेवावी तर खालच्या मागांवरचं सुताचं तूस तरंगत वर येतं आणि ओल्या रंगावर बसतं. बंद ठेवावी तर थिनरचा वास खोलीत कोंडतो. हिंदुरावांनी आधी रंगाचा विचार केला आणि खिडकी बंद केली. पहिली दहा मिनिटं ठीक गेली. टप झाला, बॉनेट झालं. मग त्यांना उगीचच बरं वाटायला लागलं. हेडक्लार्कची खुर्ची, तिच्या पाठीवर टाकलेला टॉवेल, टेबलावरची घंटी असं सगळं दिसायला लागलं. त्यानंतर दोन मॉरिस दिसू लागल्या आणि दोन्हींना रंग देण्याचा त्यांनी प्रामाणिक प्रयत्न केला.

मथुराबाई आत आल्या तेव्हा हिंदुराव भिंतीवर ब्रश फिरवत होते.

"आवं, जीव जाईल की अशानं," असं म्हणत त्यांनी खिडकी धाडदिशी उघडली आणि नवऱ्याला दंडाला धरून गॅलरीत बसवलं. हिंदुरावांना पाच मिनिटांनी शुद्ध आली, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, खिडकी कुणी उघडली. ते आत धावले. मॉरिसला लव फुटली होती. टपापासून चाकापर्यंत मऊ, पांढरी, एकसारखी. नरसय्या मागोमाग वर आला. त्यानं बोट फिरवून पाहिलं आणि अभिमानानं सांगितलं, "आमचं सूत हाय. साठ नंबरचं."

त्या दुपारी हिंदुराव कचेरीत बसले ते नुसते बसले. साहेब दोनदा दारावरून गेले आणि दोन्ही वेळा म्हणाले, "काय मेटकरी, कुठवर?" हिंदुराव म्हणाले, "रंगाच्या अस्तरापर्यंत आलंय, साहेब." रविवार तीन दिवसांवर होता आणि मॉरिस मेंढरासारखी दिसत होती. सांगोल्याकडं त्यांच्या चुलत्यांची मेंढरं होती. तीसुद्धा याहून स्वच्छ असत.

मार्केट यार्डाबाहेर बैलगाड्या आणि ट्रक रंगवणारा तिप्पण्णा नावाचा पेंटर होता. शुक्रवारी सकाळी हिंदुराव मॉरिस धोतराच्या फडक्यात गुंडाळून त्याच्याकडं गेले. एका सरकारी कारकुनानं, ज्याच्या हाताची सगळी कचेरी तारीफ करते त्यानं, असं दुसऱ्याच्या दारात जायचं म्हणजे मानहानीच. हिंदुरावांनी ती गिळली. तिप्पण्णानं फडकं सोडलं आणि टपावरची लव नखानं खरवडून पाहिली.

"हे कुनी केलं?" त्यानं विचारलं.

"एक ओळखीचे आहेत," हिंदुराव म्हणाले.

"त्यास्नी सांगा, रंगाला दोन गोष्टी लागत्यात. वारं आन सबूर. त्यांच्याकडं दोनीबी न्हाईत."

मग त्यानं लिंबाखाली, वाऱ्याला पाठ करून, काम मांडलं. घासून गाडी पार उघडी केली. अस्तराचा एक हात, पाण्यासारखा पातळ. त्यावर बांबूचं डालगं पालथं घातलं आणि तो चक्क बिडी ओढायला दूर, रस्त्याच्या पलीकडं जाऊन बसला. "थिनरजवळ बिडी वढनारा पेंटर एकदाच वढतो," असं तो म्हणाला. हिंदुरावांनी ईरप्पाच्या गाडीतल्या चौकोनाचं वर्णन केलं, तिप्पण्णानं निळ्यात थोडा पिवळा आणि कणभर काळा मिसळला, आणि पहिल्या थेंबालाच तो रंग निघाला. हिंदुराव कचेरीला गेले.

संध्याकाळी त्यांनी डालगं उचललं. गाडी तुकतुकीत झाली होती. खिडक्यांच्या कडेची चंदेरी रेघ केसाएवढी बारीक आणि कुठं हललेली नव्हती. पण दोन्ही दरवाजांवर एकेक गुलाबी कमळ उमललं होतं आणि मागं डिकीवर लिहिलं होतं, 'पुन्हा भेटू'.

"हे काय?" हिंदुरावांचा आवाज चिरकला.

"मंजे? आमच्या हातनं कुटलीबी गाडी तशी जात न्हाई, सायेब. तुमच्या हापिसातनं कागद सहीबिगर जातोय व्हय?"

जात नाही, हे हिंदुरावांना कबूल करावं लागलं. कमळं खरवडावीत तर खालचा रंग जाणार. त्यांच्यावर आणखी एक हात द्यावा तर आधीचे हात पक्के वाळायला दोन दिवस हवेत, असं तिप्पण्णाच म्हणाला. हिंदुराव मॉरिस फडक्यात गुंडाळून घरी आले. आण्णा कमळं बघून गाडी ओळखणार नाहीत, साहेब 'पुन्हा भेटू' वाचतील, आणि हेडक्लार्कची खुर्ची पुन्हा भेटायची नाही.

शनिवारी दुपारी त्यांना वही आठवली, आणि त्याबरोबर चिखल. अक्कलकोटच्या गाडीवर दरवाजाच्या अर्ध्यापर्यंत चिखल होता. डिकी तर दिसतच नव्हती. हुबेहूब करायचं तर चिखल हवाच, आणि चिखल आला की कमळं गेली. हिंदुरावांनी काळी माती वस्त्रगाळ केली, तिच्यात डिंकाचं पाणी घातलं आणि बारीक ब्रशनं चाकामागून उडालेले शिंतोडे एकेक करून बसवले. काताच्या पाण्यात विटकरीची पूड कालवून गंज रंगवला. मडगार्डवर हातोडी मारायचा धीर होईना, म्हणून शाईच्या छटेनं असा पोचा चितारला की मथुराबाईंनी बोट लावून पाहिलं.

"नवी कोरी गाडी, आन तिला चिखल फासताय?" त्या म्हणाल्या. "कुनाची नजर लागू नये म्हनून काय?"

"याला हुबेहूब म्हणतात," हिंदुराव म्हणाले. ते शांतपणे म्हणाले. पाट्या आणि रुखवतं लोकांसाठी केली होती. हा चिखल त्यांनी स्वतःसाठी केला. नरसय्यानं वर येऊन गाडी पाहिली आणि आपल्याही पायांना चिखल लागला असेल म्हणून चपला बाहेर काढून पाय झटकले, यातच काय ते आलं.

रविवारी बंगल्यावर एक्क्याऐंशी दिव्यांचं ताट ओवाळून झालं. आण्णा नवं उपरणं पांघरून खुर्चीत बसले होते आणि ओवाळणाऱ्या बायकांकडं परक्या गावात आल्यासारखं बघत होते. हिंदुरावांनी झाकून दिलेल्या मॉरिसवरचा रेशमी रुमाल साहेबांनी बाजूला केला आणि ती आण्णांच्या मांडीवर ठेवली. सगळे पुढं झुकले. हिंदुराव खांबाआड उभे होते.

आण्णांनी गाडी फिरवून फिरवून पाहिली.

"कुनाची ही?" त्यांनी विचारलं.

"तुमची, आण्णा," साहेब म्हणाले.

"न्हाय. माझी न्हाय." आण्णांनी मान हलवली. "माझ्या गाडीवर असला चिखूल मी कवा बसू दिला न्हाय."

साहेबांचा चेहरा पडला. ते वळले आणि अगदी हळू म्हणाले, "मेटकरी, मी हुबेहूब म्हणालो होतो."

"अक्कलकोटात आहे तशीच केलीय, साहेब. वहीत सगळं आहे," हिंदुराव म्हणाले, आणि ते शब्द तोंडातून बाहेर पडता पडताच त्यांना आपण काय करून बसलो ते कळलं. त्यांनी ईरप्पाची गाडी केली होती. आण्णांची गाडी दोन वर्षांपूर्वीच संपली होती; ती अक्कलकोटात नव्हती, फक्त आण्णांच्या डोक्यात होती, आणि तिथं जाऊन मोजमाप घ्यायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

"पानी आना," आण्णा म्हणाले.

बाईसाहेबांना वाटलं त्यांना तहान लागली. त्यांनी तांब्या पुढं केला.

"प्यायला न्हाय. घंगाळ आना. कुनाची का असंना, गाडी अशी ठिवायची न्हाय."

घंगाळ आलं. आण्णांनी बाह्या वर सारल्या, मॉरिस पाण्यात धरली आणि उपरण्याच्या टोकानं ती धुवायला लागले. आधी टप, मग काचा, मग चाकं आतून. बाईसाहेब कुजबुजल्या, रोज सकाळी असंच धुवायचे, याच क्रमानं. हिंदुरावांना ओरडावंसं वाटलं. शनिवारची दुपार त्यांच्या डोळ्यांदेखत विरघळत होती. शिंतोडे गेले, गंज गेला, शाईचा पोचा तर एका बोटानं गेला. पाणी काळं झालं आणि त्यातून तो निळा-हिरवा रंग वर आला.

आण्णांचा हात थांबला. त्यांनी गाडी उजेडात धरली. कमळांकडं बघून कपाळाला आठी घातली, पण ती टिकली नाही. मग त्यांनी मान वर केली आणि समोरच्या माणसाकडं नीट पाहिलं.

"आबा," ते मुलाला घरच्या नावानं हाक मारत म्हणाले, "आली की रं गाडी. तू कवा आलास?"

साहेब आण्णांच्या पायाशी तसेच बसले आणि ओल्या उपरण्यात त्यांनी तोंड लपवलं. बायका रडल्या. खांबाआड हिंदुरावही रडले. त्यात आनंद किती आणि चिखलाचं दुःख किती, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

जेवणाच्या पंगतीआधी साहेबांनी त्यांना गाठलं. "मेटकरी, काय रंग दिलाय हो. काय रंग."

मान डोलावली असती तर भागलं असतं. हिंदुरावांना समोर हेडक्लार्कची खुर्ची दिसत होती, टॉवेलासकट.

"रंग तिप्पण्णानं दिला, साहेब," ते म्हणाले. "मार्केट यार्डापाशी असतो. बैलगाड्या रंगवतो."

"मग तुम्ही काय केलंत?"

हिंदुरावांनी घंगाळाकडं पाहिलं. गडी ते उचलून तुळशीत ओतत होता.

"ते गेलं, साहेब," ते म्हणाले.

सोमवारी शेरा निघाला. तो गोपनीय असल्यामुळं दुपारपर्यंत कचेरीत सगळ्यांना पाठ झाला. साहेबांनी लिहिलं होतं: 'श्री. मेटकरी हे स्वतः काम न करता योग्य इसमाकडून ते करवून घेतात. हेडक्लार्क पदास सर्वस्वी लायक.'

संध्याकाळी मथुराबाईंनी पेठेत पेढे वाटले. नरसय्यानं दोन खाल्ले आणि होऊ घातलेल्या हेडक्लार्कला नमस्कार घातला. हिंदुरावांनी हसून नमस्कार घेतला, त्याला गॅलरीच्या कोपऱ्यात नेलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "तुम्ही पाहिला होता ना हो तो चिखल? खरं सांगा, कसा झाला होता?"